शेवटचा आकडा

मी कला शाखेची विद्यार्थिनी. मराठी आणि भूगोल हे माझे विषय. तेव्हा भौतिकशास्त्रातील ‘सार्थ अंक’ या विषयावर मी लिहायला बसावे, हे आमच्या वार्षिकाच्या वाचकांना जरा चमत्कारिक वाटेल. परंतु अकरावी-बारावीची दोन वर्षे मी विज्ञान शाखेत काढली आहेत. त्या दोन वर्षांतले पुष्कळसे आता पुसट झाले. प्रकाशाचे नियम गेले, विजेची मंडले गेली. एक गोष्ट मात्र मनात ठाण मांडून बसली आहे. आणि गंमत अशी की, ती मला प्रयोगशाळेत जितकी भेटली त्याहून अधिक आमच्या मुकुंदवाडीत भेटते.

गोष्ट अगदी साधी आहे. मोजून काढलेली कोणतीही संख्या लिहिताना तिच्यातले किती अंक आपल्याला खात्रीने ठाऊक आहेत, हे तिच्या लिहिण्यावरूनच कळले पाहिजे. खात्रीचे असतील तेवढे अंक लिहायचे, त्यांच्यापुढे अंदाजाचा एक लिहायचा आणि लेखणी थांबवायची. या अंकांना सार्थ अंक म्हणतात. त्यापुढे लिहाल ते निरर्थक.

पत्र्याचा एक तुकडा घ्या. लांबी बारकाईने मोजली, ती ४.१५ सेंटिमीटर भरली. रुंदी जरा ढोबळ मोजली, ती ३.२ सेंटिमीटर. गुणाकार केला की क्षेत्रफळ येते १३.२८. आमचे सर मात्र उत्तर म्हणून १३ एवढेच मान्य करीत. का? तर रुंदी ३.२ म्हणजे ती ३.१५ ते ३.२५ यांच्या दरम्यान कुठेही असू शकेल. म्हणजे क्षेत्रफळही १३.०७ पासून १३.४९ पर्यंत कुठेही असू शकेल. मग पुढचे ‘२८’ आले कुठून? ते पत्र्यातून आले नाहीत, गुणाकारातून आले. कॅल्क्युलेटरवर तर दशांश चिन्हापुढे सात-आठ अंक सहज उमटतात. सर विचारीत, “यातले तुम्ही मोजलेले किती आणि यंत्राने फुकट दिलेले किती?” वर्ग हसे. आता वाटते की, हा प्रश्न प्रयोगवहीपुरता नव्हता.

मुकुंदवाडीच्या एका अंगाला रेल्वेचे रूळ, दुसऱ्या अंगाला जालना रस्ता आणि पलीकडे लगेच चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत. त्यामुळे आमच्या गल्लीत घरटी एक माणूस कुठल्या ना कुठल्या कारखान्यात जाणारा. शेजारचे काका तीस वर्षे लेथवर काम करीत होते. एकदा त्यांना मी हे सार्थ अंकांचे पुराण ऐकवले. मला वाटले, ते हसतील. ते म्हणाले, “अगं, यात नवं काय? ड्रॉइंगवर नुसतं पंचवीस लिहिलं असलं, तर जॉब कुणीही करून देईल. पंचवीस पॉइंट शून्य शून्य लिहिलं, की मायक्रोमीटर काढावा लागतो.”

गणिताच्या तासाला २५ आणि २५.०० यांच्यात काही भेद नाही. शून्याला किंमत नाही, असे आपण लहानपणापासून ऐकतो. लेथवर उभ्या असलेल्या माणसाला मात्र ती दोन शून्ये सर्वांत महाग पडतात. ती म्हणत असतात की, मिलिमीटरचा शंभरावा भागसुद्धा आम्ही पाहिला आहे आणि तिथेही काही कमी-जास्त आढळले नाही. ड्रॉइंगवर त्या आकड्यापुढे बहुधा अधिक-उणे असे जोडचिन्ह असते आणि त्यापुढे केवढी चूक चालेल ते लिहिलेले असते. कारखान्याच्या जगात ‘बिनचूक’ असे काही नसतेच. चूक किती चालेल, एवढेच आधी ठरलेले असते. हे मला फार प्रामाणिक वाटते.

याच रस्त्यावर भंगारवाल्याचे दुकान आहे. त्याच्या काट्यावर अर्धा किलो इकडे-तिकडे झाले तर कुणी भांडत नाही. थोडे पुढे सराफाची पेढी आहे. तिथला काटा काचेच्या पेटीत असतो, कारण पंख्याच्या वाऱ्यानेही तो हलतो. सराफाचा काटा भंगाराला लावणे हा वेडेपणा आणि भंगाराच्या काट्यावर मंगळसूत्र तोलणे ही लबाडी. प्रत्येक मापाची आपली एक पोच असते. त्या पोचेपलीकडचे बोलू नये, एवढाच सार्थ अंकांचा धर्म आहे.

मी मराठीची विद्यार्थिनी, म्हणून मला आणखी एक गोष्ट जाणवते. शास्त्रज्ञांनी अधिक-उण्याचे चिन्ह योजले, पण आपल्या भाषेने ती सोय फार पूर्वीच करून ठेवली आहे. लग्नाला ‘पन्नासेक’ माणसे आली, असे आपण म्हणतो. तो शेवटचा ‘एक’ मोजणीतला नव्हे. तो सांगतो की, हा आकडा थोडा सैल आहे, दोन-चार इकडे-तिकडे धरा. ‘दहा-बारा’ म्हटले की दोन्ही टोके हातात येतात. ‘बरोब्बर पन्नास’ म्हटले की बोलणारा स्वतः मोजून आला आहे हे कळते, आणि ‘चांगली पन्नास’ म्हटले की निदान तेवढी तरी होतीच, हे कळते. आमची आजी शाळेत गेलेली नव्हती. परंतु ‘वीसेक’ आणि ‘वीस’ यांत तिने कधी गल्लत केली नाही. बोलताना आपण हे सारे सांभाळतो. कागदावर आकडा लिहायची वेळ आली, की मात्र हा ‘एक’ गळून पडतो आणि त्याच्या जागी दशांश चिन्ह येऊन बसते.

असे का होते? मला वाटते, पुष्कळ अंकांचा आकडा पाहिला की आपल्याला वाटते, एवढे बारीक सांगणारा माणूस नीट मोजूनच आला असणार. पूर्ण आकड्याचा आपल्याला संशय येतो.

या संशयाची एक प्रसिद्ध कथा आहे. १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्ब्टन याने भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. जमिनीवर साखळी अंथरून पायारेषा मोजायची आणि मग एकामागून एक त्रिकोण रचीत उत्तरेकडे सरकायचे, असे ते काम. उन्हाने साखळी किती लांबते हेही तो उष्णतामापक ठेवून पाही. हा माणूस १८२३ मध्ये आपल्या विदर्भातील हिंगणघाट येथे, काम चालू असतानाच, वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्याने सुरू केलेल्या कामातूनच पुढे हिमालयाची शिखरे मोजली गेली. शंभर मैलांहून दूर, बिहारच्या मैदानातल्या सहा ठिकाणांहून घेतलेल्या कोनांवरून राधानाथ सिकदार यांनी १८५२ च्या सुमारास एका शिखराची उंची काढली. आख्यायिका अशी की, ती सरासरी नेमकी २९,००० फूट आली. आता हा आकडा जाहीर केला तर लोक म्हणतील, यांनी अंदाजे ठोकून दिले! म्हणून म्हणे वर दोन फूट घातले गेले, आणि १८५६ मध्ये जगाला एव्हरेस्टची उंची कळली ती २९,००२ फूट.

कथा खरी असो वा नसो, ती अर्थपूर्ण आहे. २०२० मध्ये नेपाळ आणि चीन यांनी मिळून जाहीर केलेली उंची ८,८४८.८६ मीटर, म्हणजे सुमारे २९,०३२ फूट आहे. तेव्हा सिकदारांच्या आकड्यात तीसेक फुटांची उणीव होती. शंभर मैलांवरून, वातावरणात वाकणाऱ्या प्रकाशकिरणांशी झुंजत काढलेल्या उत्तरात हजारात एक एवढीच चूक, हा पराक्रमच म्हणायचा. परंतु जिथे तिसांची खात्री नव्हती तिथे त्या दोनांना काय अर्थ? खरा पराक्रम २९,००० मध्ये होता. वरचे २ केवळ लोकांच्या समाधानासाठी होते.

आता एव्हरेस्टवरून खाली गोदाकाठी येऊ. आमच्या शहराला पाणी येते ते पैठणच्या जायकवाडी धरणातून, म्हणजे नाथसागरातून. ते फारोळ्याला शुद्ध होते, नक्षत्रवाडीच्या टेकडीवर चढते आणि मग कित्येक दिवसांआड आमच्या नळाला येते. त्यामुळे पावसाळा लागला की मुकुंदवाडीत वर्तमानपत्र उघडणारा प्रत्येक माणूस आधी नाथसागराचा चौकोन पाहतो. पाणीपातळी इतके फूट, इतके मीटर. जिवंत साठा इतके दशलक्ष घनमीटर. टक्केवारी दशांश चिन्हापुढे दोन अंकांपर्यंत. हा चौकोन मीही लहानपणापासून वाचीत आले. परंतु सरांचा प्रश्न कानात बसल्यापासून तो मला निराळा दिसू लागला.

धरणाची पूर्ण संचय पातळी १,५२२ फूट. मीटरमध्ये ती ४६३.९०६ अशी छापतात. एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर, या हिशेबाने गुणाकार बरोबर आहे. आणि १,५२२ हा आकडा मोजलेला नसून धरण बांधताना ठरवलेला आहे, म्हणून त्याला चुकीचा हिशेब लागत नाही. ठरवलेल्या आकड्याला तसा तो कधीच लागत नाही; डझनात बारा म्हणजे बाराच. परंतु पाणी ४६३.९०६ मीटरवर आले की नाही, हे मोजायचे असते. आणि मोजायला गेलो की वारा असतो, लाटा असतात आणि पट्टीवर वाचणारे माणसाचे डोळे असतात.

भरलेल्या धरणाचा जिवंत साठा २,१७०.९३५ दशलक्ष घनमीटर धरतात. यातला शेवटचा ५ पाहा. त्या स्थानावरच्या एका एककाची किंमत एक हजार घनमीटर. भरलेल्या नाथसागराचा पसारा सुमारे ३५० चौरस किलोमीटर आहे. एक हजार घनमीटर पाणी एवढ्या पसाऱ्यावर सारखे पसरले, तर त्याची जाडी किती होईल? मी भागाकार केला. उत्तर आले मिलिमीटरचा तीन हजारांशावा भाग, म्हणजे ०.००३ मिलिमीटर, माणसाच्या केसाच्या जाडीचा वीस-पंचविसावा हिस्सा. पैठणला संध्याकाळी वारा सुटला की काठावर वीतभर उंचीच्या लाटा येतात. त्या लाटांत केसाचा विसावा हिस्सा कोण मोजणार?

उलट दिशेने पाहा. पट्टीवर पातळी एक सेंटिमीटर कमी-जास्त वाचली गेली, तर भरलेल्या धरणात साडेतीन दशलक्ष घनमीटरांचा फरक पडतो. म्हणजे दशांश चिन्हाच्या पुढचे तिन्ही अंक सोडाच, त्याच्या डाव्या हाताचा शून्यसुद्धा डळमळीत आहे. शिवाय पातळीवरून साठा काढायचा तो तक्त्यावरून. आणि १९७६ साली धरणाचे लोकार्पण झाल्यापासून प्रत्येक पुराबरोबर गोदावरी तळाशी गाळ टाकीत आली आहे. प्रामाणिक आकडा म्हणजे ‘२,१७० दशलक्ष घनमीटरांच्या आसपास’. आमची आजी त्याला ‘एकवीसशे सत्तरेक’ म्हणाली असती, आणि भौतिकशास्त्राच्या परीक्षेत तिला पूर्ण गुण मिळाले असते.

यावर कुणी म्हणेल, असतील तीन अंक जादा, कुणाचे काय बिघडले? वर्तमानपत्राच्या चौकोनात काहीच बिघडत नाही. परंतु याच आकड्यांवर गावागावांचे पाणी ठरते, आणि तिथे बिघडते.

गोदावरीच्या वरच्या अंगाला नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांत अनेक धरणे आहेत. पाऊस कमी झाला की वरची धरणे भरतात आणि नाथसागर रिकामा राहतो. म्हणून महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ मध्ये एक रेषा आखून दिली: ऑक्टोबरच्या मध्याला, खरिपातला वापर धरून, जायकवाडीचा जिवंत साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरच्यांनी पाणी सोडावे. हा ६५ ठरवलेला आकडा आहे, तो पक्का. परंतु त्याच्याशी जो साठा ताडून पाहायचा तो मोजलेला आहे. उद्या एखाद्या वर्षी साठा ६४.९ टक्के आला किंवा ६५.१ टक्के आला, तर त्या दोहोंत धरणातल्या पाण्याचा फरक असेल जेमतेम एक-दोन सेंटिमीटरांचा. वारा कोणत्या बाजूने वाहत होता यावर एखाद्या तालुक्याचा रब्बी हंगाम ठरेल!

२०२३ साली पाऊस ओढावला. साठा ६५ टक्क्यांच्या कितीतरी खाली होता, तेव्हा त्या वर्षी सेंटिमीटरांचा प्रश्नच नव्हता. ३० ऑक्टोबरला पाणी सोडण्याचा आदेश निघाला. त्यात चार धरणसमूहांचे वाटे होते: मुळा २.१० टीएमसी, प्रवरा ३.३६, गंगापूर ०.५ आणि गोदावरी-दारणा २.६४३. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. बेरीज ८.६०३ टीएमसी. मी हा आकडा वाचला आणि मला सरांचा तास आठवला. बेरजेचा नियम असा की, ज्या संख्येत दशांश चिन्हापुढचे अंक सर्वांत कमी, तिच्याएवढेच उत्तरात ठेवायचे. ०.५ पुढे एकच अंक आहे. म्हणजे मोजमापाच्या नियमाने उत्तर ८.६, पुढचे ‘०३’ हे दारणेच्या वाट्याने आणलेले पाहुणे.

अर्थात आदेशातला आकडाही ठरवलेलाच, असे कायदेपंडित म्हणतील, आणि ते चूक नव्हे. परंतु पाणी नदीतून यायचे असते. नोव्हेंबरच्या अखेरीस पाणी सुटले. असे पाणी सोडण्याआधी नदीवरच्या कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या काढाव्या लागतात. वाटेत कोरडे पात्र पाणी पिते, ऊन पिते, काठावरचे पंपही संधी सापडली की पितात. अशा प्रवासात ०.००३ टीएमसीचा हिशेब कोण ठेवील?

इथे मात्र मी अडखळते. कारण मी तो हिशेब करून पाहिला आहे. ०.००३ टीएमसी म्हणजे सुमारे साडेआठ कोटी लिटर. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला, तर साडेआठ हजार टँकर. (नियमाने बोलायचे तर मुळात एकच सार्थ अंक असल्यामुळे ‘आठ-नऊ हजार’ म्हणावे.) नदीच्या हिशेबात जो आकडा निरर्थक, तो आमच्या गल्लीत आणून ओतला तर कित्येक उन्हाळे पुरेल. दोनशे लिटरचा ड्रम दारात ठेवून टँकरची वाट पाहणाऱ्या बाईला ‘शेवटचा आकडा सोडून द्या’ असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

पुष्कळ विचार केल्यावर मला उमगले ते असे: निरर्थक असतो तो आकडा, पाणी निरर्थक नसते. तो शेवटचा ३ लिहिल्याने एकही टँकर जास्त येत नाही आणि खोडल्याने एकही कमी होत नाही. उलट तो लिहिला की आपली अशी समजूत होते की, थेंबाथेंबाचा हिशेब झाला आहे, आता पाहायला नको. पाहायला हवे ते वाटेत किती मुरले, किती उपसले गेले आणि धरणाच्या पोटात किती गाळ साचला. ही मोठी, दशांश चिन्हाच्या अलीकडची अनिश्चितता आहे. तिच्यावरचे लक्ष तो छोटा आकडा उडवतो.

दुसरीही एक भीती मला बोलून दाखवली पाहिजे. एका मैत्रिणीने विचारले, “आपणच म्हणालो की आकडे डळमळीत आहेत, तर वरचे म्हणणार नाहीत का, की मग पाणी कशाला सोडायचे?” म्हणतील. परंतु डळमळीत आकडा दोन्हीकडे डळमळतो. साठा सांगितल्यापेक्षा थोडा जास्त असू शकतो, तसाच थोडा कमीही असू शकतो. अनिश्चितता कबूल करणे म्हणजे काहीच ठाऊक नाही असे म्हणणे नव्हे. ८.६ या आकड्यात आठ अब्ज घनफूट पुरते पक्के आहेत. त्यांच्यावर वाद घालायला जागा नाही. किंबहुना जे पक्के आहे ते पक्के म्हणून मांडता यावे, यासाठीच जे कच्चे आहे ते वेगळे काढून ठेवायचे असते.

आणि उरलेल्या कच्च्या भागाचे काय करायचे? ते भौतिकशास्त्र सांगत नाही. ते आपल्या बाजारात जुन्या माणसांनी ठरवून ठेवले आहे. भाजीवाली मावशी वांगी तोलते, तेव्हा काटा अगदी मध्यावर थांबला तरी ती एक वांगे वर टाकते आणि गिऱ्हाइकाच्या बाजूला पारडे झुकू देते. याला आपण झुकते माप म्हणतो. आपल्या काट्याची पोच किती, हे तिला पक्के ठाऊक असते. आणि जिथे काटा बोलायचा थांबतो तिथे कोणाच्या बाजूने झुकायचे, हे ती स्वतः ठरवते. पाणी वाटताना सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरांवर गाडी अडली, तर ज्याचे मडके रिकामे त्याच्या बाजूला झुकावे, एवढे आपल्याला ठरवता येऊ नये काय? हा नियम फक्त आमच्या बाजूचा आहे असे कुणी समजू नये. एखाद्या वर्षी मडके वरच्यांचे रिकामे असेल, तर तो त्यांच्या बाजूने लागू व्हावा.

विज्ञान सोडून मी कलेकडे आले, तेव्हा अनेकांनी विचारले, की दोन वर्षे फुकट गेली का? मला तसे वाटत नाही. मोजलेल्या पाण्यापुढे अधिक-उण्याचे चिन्ह लिहायला लाजू नये, एवढे त्या दोन वर्षांनी शिकवले. त्या चिन्हाच्या आतल्या जागेत माणसांनी एकमेकांशी कसे वागावे, ते मी आता शिकते आहे.